एर्गाशचे उष्टे नान

एर्गाश जर्मनांविरुद्धच्या लढाईवर निघाला त्या सकाळी ओयखान खालाने मडक्याच्या तळाचे गव्हाचे पीठ झाडूनपुसून काढले आणि एकच नान तंदुरात लावले. बाकी घराने मक्याच्या भाकरीवर भागवले. नान निघाले ते ताटाएवढे, मधोमध ठसा, वर काळे तीळ. खालाने ते दोन्ही हातांवर घेतले आणि मुलापुढे धरले.

"बिस्मिल्ला म्हण आणि चाव."

एर्गाशने तोंड इतके मोठे उघडले की निरोपाला जमलेल्या बायका हसल्या. खालाने त्याला एक टपली मारली.

"अरे लांडग्या, थोडंसं चाव! मागे जेवढं जास्त उरेल तेवढी घराची ओढ राहते."

"आणि उरलेलं वाळून दगड होईल त्याचं काय?"

"आलास की चहात बुडवून खा. पण संपवायचं तूच. दुसऱ्या कुणी नाही."

एर्गाशने कडेचा एक घास तोडला. चावताना त्याची नजर तंदुराशेजारी उभ्या असलेल्या सालोमतकडे होती. सालोमत ही खालाच्या धाकट्या बहिणीची मुलगी, खाला तिची सख्खी मावशी. दोघे पाळण्यात असतानाच बहिणींनी पाळण्याच्या दांडीला खाच पाडून सोयरीक ठरवली होती. पुढे सालोमतची आई वारली आणि ती याच अंगणात वाढली. खाच नसती तरी त्या दोघांनी हेच केले असते, असे गल्लीतल्या बायका म्हणत. कापसाची वेचणी झाली की लग्न करायचे होते. वेचणीच्या आधी बोलावणे आले. घाईने निकाह लावावा असे काहींनी सुचवले, पण एर्गाश म्हणाला, "मागे विधवा ठेवून कशाला जाऊ? आल्यावर बघू." त्यामुळे सालोमत ना बायको झाली ना परकी राहिली.

जाता जाता तो तिच्या कानाशी म्हणाला, "नानावर लक्ष ठेव. उंदरांनी खाल्लं तर तुला विचारीन."

"उंदरांना विचारा, एर्गाश-अका. मी काय नानाची राखण करत बसू?"

तो हसला. खालाने नान सुती फडक्यात बांधले आणि आतल्या खोलीत उंच खुंटीला टांगले. त्या वर्षी गल्लीत असे गाठोडे नसलेले घर शोधावे लागले असते.

ही गाठोडी कोणी हसण्यावारी नेत नसे. पलीकडच्या मोहिराने भिंत लिंपताना भावाचे नान खाली पाडले आणि कुत्र्याने ते पळवले. पुढच्याच महिन्यात भाऊ पडल्याची बातमी आली. तेव्हापासून मोहिराला नाव पडले ते 'भावाला खाल्लेली'. तिला आलेली दोन स्थळे परत गेली. तिची आई तिच्या हातचे पाणी पिईना. ओयखान खालाही मोहिरा रस्त्यात दिसली की तोंड फिरवून थुंकत असे. "पोटची पोर असती तरी मी उंबऱ्यात उभी केली नसती," असे ती सर्वांदेखत म्हणाली होती. सालोमतने ते ऐकले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात एर्गाशची पत्रे थांबली. सामूहिक शेतीवरून बायकांच्या तुकड्या धरणाच्या खोदाईला नेल्या, त्यात खालाही गेली. घरी राहिली सालोमत आणि खालाची शेंडेफळ तुर्सुनाय. खालाची मधली सगळी मुले पाळण्यातच गेली होती, म्हणून हिचे नाव तुर्सुनाय ठेवले, म्हणजे 'ही तरी राहू दे'. वडील ती जन्मली त्याच वर्षी हिवतापाने वारले होते. तुर्सुन तेव्हा चार वर्षांची होती.

घरात खायला सरकीची पेंड आणि वाळलेली तुती. तुती संपली. पेंड तुर्सुनच्या पोटात ठरेना. आधी तिचे पाय सुजले, मग चेहरा, आणि मग तिने रडणे सोडले. सालोमतने शेजारच्या हमरो खालाला बोलावले. म्हातारीने पोरीच्या पायावर बोट दाबले. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"हिला पेंड नको देऊ आता. गव्हाचं काही घाल पोटात, नाहीतर कफन शिवायला घे."

"गहू कुठून आणू, हमरो खाला?"

"मला विचारतेस? माझ्याकडे गहू असता तर मी नातू पुरला असता?"

हमरो खाला गेली. सालोमत पोरीच्या उशाशी बसली. खोलीत खुंटीवर गाठोडे होते. एर्गाश पडला असेल तर ते नान कोणासाठी? जिवंत असेल तर आपण त्याला मारायला निघालो आहोत. तिने हाही विचार केला की दोघांपैकी एकाला मारायचेच आहे, तर जो समोर श्वास घेतो आहे त्याला कसे मारू? विचार संपला असे झाले नाही. ती विचार करत असतानाच उठली आणि उखळावर चढली.

नान खरोखरच दगड झाले होते. चावलेल्या जागेपासून सर्वांत दूरचा एक तुकडा तिने बत्त्याने तोडला, गरम पाण्यात भिजवला आणि बोटाने तुर्सुनच्या ओठांत घातला. पोरीने गिळला. तोंड पुन्हा उघडले.

तेवढ्यावर थांबायचे असे तिने ठरवले होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक तुकडा तोडला. असे करत करत शेवटी हातात राहिली ती दातांच्या खुणेची कोर. ती तिने दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी तुर्सुनने उठून बसून विचारले, "आपा, अजून आहे का?" तेव्हा तिने ती कोरही भिजवली. स्वतः तिने बोटाला चिकटलेला चुराही चाटला नाही, तोही पोरीच्याच तोंडात पुसला.

खाला परत येणार, खुंटीकडे बघणार. रिकामे फडके लटकताना दिसले असते. माळ्यावर एक फुटका वाळका भोपळा होता. त्याचे बूड गोल होते, नानाएवढेच. सालोमतने ते कापून फडक्यात बांधले आणि गाठ खालासारखीच मारली.

खाला आली. तुर्सुनला अंगणात चालताना बघून तिने आधी अल्लाचे आभार मानले, मग सालोमतचे. "काय खाऊ घातलंस ग हिला?"

"जे होतं ते, खाला."

दर शुक्रवारी ओयखान खाला खुंटीखाली उभी राहायची, हात उंच करून गाठोड्याला बोटे लावायची आणि ती बोटे डोळ्यांना लावायची. मागे भाकरी थापत बसलेली सालोमत खाली मान घालायची. सांगायचे असते तर पहिल्याच शुक्रवारी सांगायला हवे होते. दुसऱ्या शुक्रवारी ते अधिक अवघड झाले. पत्र नाही म्हणून खालाची प्रार्थना लांबत गेली, आणि ती जितकी लांबली तितके सालोमतचे तोंड मिटत गेले. एकदा खाला तिला म्हणाली, "तूही हात लाव. तुझाच आहे तो." सालोमतने भोपळ्याला हात लावून डोळ्यांना लावला.

लढाई संपली. गल्लीत काही जण आले, पुष्कळ आले नाहीत. एर्गाशचे ना पत्र, ना मेल्याची खबर. पुढच्या वसंतात, घरोघर पाळलेले रेशमाचे किडे कात टाकण्याच्या शेवटच्या झोपेतून उठून तुतीच्या पाल्यावर तुटून पडले होते त्या दिवसांत, तो कालव्याच्या रस्त्याने चालत आला. आधी जर्मनांच्या कैदेत, छावणीत होता, आणि मग जिवंत पकडला कसा गेलास हे विचारणाऱ्या आपल्याच लोकांच्या छावणीत. कोवळा पोरगा गेला होता, आला तेव्हा कानशिले पांढरी होती.

आतली खोली किड्यांना दिलेली होती, त्यामुळे घर अंगणात मुक्कामाला होते आणि गाठोडे ओसरीच्या खांबाला. सगळी गल्ली लोटली. सात वर्षांची तुर्सुन भावाच्या पायाला मिठी मारून बसली, आठवण नसतानाही. हमरो खाला मोठ्याने म्हणाली, "आधी नान! आधी नान संपवू द्या त्याला, मग रडा." त्या दिवशी तरी बायका हसल्या.

सालोमत पुढे झाली. "खाला, थांबा, आधी मला..."

"बाजूला हो ग, तुझा दिवस उद्या!" ओयखान खाला म्हणाली, आणि तिने स्वतः गाठ सोडली.

भोपळ्याचे बूड ओसरीवर पडले, घरंगळले आणि एर्गाशच्या बुटाला टेकून थांबले.

मागच्या एका बाईला हसू आले, ते तिने पदरात दाबले. खालाने फडके उलटे केले, झटकले, पुन्हा उलटे केले.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी याला हात लावत होते? कुणी खाल्लं?"

सालोमतला तुर्सुन दिसत होती. भावाच्या गुडघ्याला गाल लावून, तोंड उघडे टाकून ती भोपळ्याकडे बघत होती. तिला काहीही आठवत नव्हते. आणि गर्दीत, जराशी अलग, मोहिरा उभी होती.

"मी खाल्लं," सालोमत म्हणाली. "खोदाईच्या हिवाळ्यात. भूक सोसवेना."

खालाने तिला मारले नाही. ती एवढेच म्हणाली, "माझी तुर्सुन तशी सुजलेली असताना तू घास घेतलास?"

खरे उत्तर दिले असते तर ते पोरीच्या माथी आले असते. हमरो खालाने एकदा सालोमतकडे नीट पाहिले, तोंड उघडले आणि मिटले. म्हातारीलाही त्याच गल्लीत राहायचे होते.

ओयखान खाला म्हणाली, "आला तो त्याच्या नशिबानं आला. हिच्या हातून तर मेलाच होता."

दुसऱ्या दिवशी किड्यांसाठी तुतीच्या फांद्या तोडायच्या होत्या. एर्गाश कुऱ्हाड घेऊन तिच्यामागे बागेत आला. थोडा वेळ नुसत्या फांद्या पडत राहिल्या.

"आईचं मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "नान खाल्लं म्हणून माणूस मरत नाही. मी हा उभा आहे."

सालोमतचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "एर्गाश-अका, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"ऐक आधी. तिथे शेवटी काही उरलं नाही ना, तेव्हा मी त्या नानाचा विचार करायचो. तुझाही नाही, खोटं कशाला बोलू. नानाचा. खुंटी कुठली, गाठ कशी, मी चावलेली बाजू भिंतीकडे की दाराकडे. बाकीचे देवाचं नाव घ्यायचे, मी ते घ्यायचो. आणि काल भोपळा पडला." तो हसला, पण ते हसू निराळे होते. "आमच्यात एकानं दुसऱ्याची रोटी चोरली. तळहाताएवढासा तुकडा. पोरगाच होता, मिशी फुटायची होती. त्याला जर्मनांनी नाही मारलं. आम्ही मारलं. मीही हात लावला. मला त्याचं नाव माहीत होतं, सालोमत."

कुऱ्हाड त्याच्या हातात होती. घराकडून तुर्सुनचे गाणे ऐकू येत होते.

"तू एकटीनंच खाल्लंस?" त्याने विचारले. "सगळं?"

एवढेच तो विचारत होता. तिने दुसरे काही सांगावे म्हणून विचारत होता, हे तिला कळत होते. तिने त्याच्या हातांकडे पाहिले. आज सांगितले तर आज तो पोरीला जवळ घेईल. पण ती रोज ताटावर त्याच्यासमोर बसेल तेव्हा? आणि खालाच्या कानावर गेले की?

"एकटीनं," ती म्हणाली. "सगळं."

त्याने कुऱ्हाड खोडाला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "मला राग नाही. पण तू भाकरी वाढलीस तर ती मला गिळायची नाही. मी काय करू?"

"काही करू नका. फांद्या उचला, किडे भुकेले असतील."

वर्षभराने एर्गाशने नमनगानकडची मुलगी केली. खाचेचा पाळणा खालाने सरपणात घातला. सालोमत त्याच अंगणात कोपऱ्यातल्या खोलीत राहिली, जायचे कुठे? तिला एक विधुर विचारायला आला होता, गल्लीच्या तोंडावरच कोणीतरी त्याला परत पाठवले. रेशमाच्या किड्यांत तिचा हात चांगला होता. वसंतात तिची गरज लागे, तेव्हा लोक बोलत. उरलेले वर्ष ती मोहिराकडे जाऊन बसे.

तुर्सुनाय अठराची झाली. गालांनी भरलेली, उंच, हसरी. मर्गिलानहून तिला बघायला यायचे ठरले, ते नेमके किडे खादाड झालेल्या दिवसांत. सालोमतने पहाटे अंगण झाडले, तंदूर पेटवला, पीठ मळायला बाही वर केली. तुर्सुन तिच्यापाशी येऊन उभी राहिली.

"आपा, रागावू नकोस. पीठ वहिनी मळेल. आणि पाहुणे असेपर्यंत तू पुढे येऊ नकोस."

"का ग?"

"तुला माहीत आहे ना का. त्यांच्या कानावर गेलंय. कोणाच्या हातची भाकरी खाता असं त्यांच्या बायकांनी विचारलंय म्हणे."

सालोमतने बाही खाली केली. "बरं."

तुर्सुन जायला वळली आणि थांबली. तिला वाईट वाटत होते, म्हणूनच तिला जरा चीड आली.

"आपा, एक विचारू? तुला तेवढं कसं निभावता आलं नाही? मी तर चार वर्षांची होते. मी राहिलेच ना उपाशी?"

तंदुरातला जाळ चांगला लागला होता. सालोमतने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, जावळ सारावे तसे.

"राहिलीस ग," ती म्हणाली. "तू शहाणी होतीस."

मग तिने पाल्याची टोपली डोक्यावर घेतली, किड्यांच्या खोलीत गेली आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून दार आतून लावून घेतले.