आग्रा–फतेहपूर सिक्री: महाल बघायला गेलो होतो

आग्र्याला जायचं आमचं आधी ठरलेलं नव्हतं. ठरली होती ती रजा. फेब्रुवारीतली ती रजा मी ऑफिसात खूप आधी मागून ठेवली होती, उपचारांनंतर घरी पडून राहायला लागेल म्हणून. उपचार म्हणजे मूल होण्यासाठीचे. गेली काही वर्षं आमचं आयुष्य त्यांच्याभोवतीच फिरत होतं. त्यातली शेवटची खेप सुरू होण्याआधीच डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "माझा सल्ला विचाराल तर आता थांबा. अश्विनीच्या शरीराला हे झेपत नाहीये."

परतताना रिक्षात हेमंत, म्हणजे माझा नवरा, भाईंदरच्या गोल्डन नेस्टच्या सिग्नलला म्हणाला, "बास झालं. आपण दोघं पुरे आहोत एकमेकांना." मला तेव्हा रडू आलं नाही. उलट कुणीतरी छातीवरचा दगड उचलून बाजूला ठेवला असं वाटलं.

रजा शिल्लक होती. हेमंतला शाळेपासून मुघलांचे महाल बघायचे होते. सासूबाई भाईंदर पश्चिमेला, खाडीजवळच्या जुन्या घरात राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "जाऊन या गो. हितं बसून काय करशील? मन मोकलं होईल." केबिन रोडवरून चालायचे बूट घेतले आणि निघालो.

कसं गेलो

भाईंदरहून आग्र्याला जाणाऱ्यांनी मुंबईच्या दुसऱ्या टोकाला धावायची गरज नाही. बोरिवलीला थांबणाऱ्या उत्तरेकडच्या गाड्या मथुरेला जातात. घरून, म्हणजे भाईंदरच्या जेसल पार्कहून, बोरिवलीपर्यंत टॅक्सी, दुपारची गाडी, सकाळी मथुरा. तिथून आग्रा टॅक्सीने तासाभरावर. भाडं आधी ठरवा, आणि "एसी चालू ठेवणार ना" हेही विचारून घ्या.

गाडीत समोर लुधियानाच्या एक बाई होत्या. पराठ्यांचा डबा उघडता उघडता त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "बच्चे कितने हैं?"

आजवर आम्ही "अभी नहीं" म्हणायचो. हेमंत शांतपणे म्हणाला, "नहीं हैं जी. हम दोनों ही हैं." बाई जरा ओशाळल्या आणि त्यांनी मला दोन पराठे जास्त वाढले. मी खिडकीकडे बघत बसले. 'अभी' हा शब्द गेला होता. मला नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

पहिला दिवस: आग्र्याचा किल्ला

बहुतेक लोक ताजमहाल बघतात आणि उरलेल्या वेळात किल्ला उरकतात. उलटं करा. किल्ल्याला अर्धा दिवस द्या. त्याआधी रस्त्यावरच्या दुकानात गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची झणझणीत भाजी खा, वर जिलबी. तिकीट ऑनलाइन काढलंत तर रांग वाचते. आत माकडं आहेत, खाण्याची पिशवी हातात मिरवू नका.

जहांगिरी महालाचा लाल दगड सकाळच्या उन्हात असा काही पेटतो की आपण दगडाकडे बघतोय हे विसरायला होतं. हेमंत छज्ज्याला आधार देणाऱ्या प्रत्येक तोडीला हात लावून बघत होता. "हे बघ, दगड आहे पण लाकडासारखा कोरलाय. सुतारकाम आहे हे." किती दिवसांनी तो असा बडबडत होता! मग संगमरवराचा खास महाल, समोर अंगुरी बाग, आणि पलीकडे तो अष्टकोनी बुरूज, जिथे शहाजहानला त्याच्या मुलाने कैदेत ठेवलं होतं. जाळीच्या कुंपणामुळे आत जाता येत नाही. धुरकट हवेत यमुनेपलीकडे ताज पुसट दिसत होता.

शेजारी सुरतचं एक कुटुंब गाइडचं ऐकत उभं होतं. गाइड म्हणाला, "आखिरी साल यहीं गुज़ारे, अपने ही बेटे की कैद में."

त्या कुटुंबातले काका जोरात म्हणाले, "आना करतां तो छोकरो न होय ते सारू!" असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा.

हेमंतने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आणि आम्ही दोघंही हसत सुटलो, इतके की काका गोंधळून आमच्याकडे बघायला लागले. त्या सहलीतलं माझं सगळ्यात सुखाचं क्षणचित्र हेच. तिथून लगेच परत फिरायला हवं होतं, असं आता वाटतं.

दुसरा दिवस: फतेहपूर सिक्री

आग्र्याहून गाडीने तास-सव्वा तास. खाली पार्किंगला गाडी सोडावी लागते, वर जायला छोट्या बस आहेत. गाडीतून उतरताच गाइड गराडा घालतात. ओळखपत्र बघूनच ठरवा. आम्हाला इर्शादभाई भेटले, पिकल्या दाढीचे, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "पहले दरगाह देख लीजिए. बाद में फर्श तपता है, पैर नहीं रख पाएँगे."

बुलंद दरवाजाच्या पायऱ्या चढताना त्यांनी गोष्ट सांगितली. अकबराकडे सगळं होतं, पण मूल जगत नव्हतं. म्हणून तो या टेकडीवर राहणाऱ्या सलीम चिश्तींकडे आला. त्यांनी दुआ दिली, मुलगा झाला, आणि बादशहाने आनंदाने इथे आख्खी राजधानी उभी केली.

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. हेमंतला होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

आत अंगणात त्याच सलीम चिश्तींचा पांढराशुभ्र दर्गा. संगमरवराच्या जाळ्या लेससारख्या नाजूक, आणि त्यांवर लाल-पिवळ्या धाग्यांची दाटी. एक विक्रेता पुढे आला. "मैडम, धागा बाँध लो, औलाद के लिए लोग दूर दूर से आते हैं." इर्शादभाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. हेमंत म्हणाला, "नहीं भैया, हम सिर्फ महल देखने आए हैं."

मी ओवरीच्या सावलीत टेकले. हेमंत "पाणी घेऊन येतो" म्हणून गेला. मी कॅमेरा काढला आणि जाळीचं नक्षीकाम टिपायला म्हणून झूम केलं. चौकटीत एक पाठ आली. निळा चौकड्यांचा शर्ट, मीच इस्त्री केलेला.

तो धागा बांधत होता. गाठ बसत नव्हती. शेवटी बसली. मग त्याने जाळीला कपाळ टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मागे एक बाई आपला नंबर येण्याची वाट बघत उभी होती. तिने त्याला घाई केली नाही.

मी कॅमेरा खाली घेतला.

तो परत आला तेव्हा डोळे धुतलेले होते. "पाण्याला रांग होती," म्हणाला. बाटली माझ्या हातात दिली.

पुढचे महाल मी बघितले एवढंच. पाच मजली पंचमहाल, वर चढायला बंदी. अनुप तलाव, मध्ये चौथरा, हिरवट पाणी. मग जोधाबाईचा महाल: उंच भिंती, मोठं चौरस अंगण. इर्शादभाई ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबले, आणि आम्ही अंगणाच्या कडेला बसलो.

मी विचारलं, "काय मागितलंस?"

"बघितलंस तू?"

"हो."

तो म्हणाला, "अजून एकदा करू या ना, अश्विनी. एकदाच. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू."

"आणि आपण दोघं पुरे आहोत म्हणालास ते?"

"तुझी अवस्था बघवत नव्हती गं. ते तुझ्यासाठी म्हणालो."

म्हणजे गेले कित्येक आठवडे मी ज्याच्यावर टेकून उभी होते, ते तिथे नव्हतंच. गाडीतलं ते "नहीं हैं जी", कालचं हसणं, यातलं कुठलं खरं होतं हे विचारायचीही हिंमत होईना. विचारलं असतं तर सगळं खरं होतं असंच त्याने सांगितलं असतं, तेही माझ्यासाठी.

"माझ्याच्याने नाही होणार रे," मी म्हणाले. "मी मरेन."

"ठीक आहे," तो म्हणाला. लगेच म्हणाला. माझा हात धरला. "ठीक आहे. विषय संपला."

तेवढ्यात इर्शादभाई आले. "ऊपर देखिए, छत पर नीली टाइल्स. इतने साल हो गए, रंग आज भी वैसा ही है." आम्ही शहाण्या मुलांसारखे वर बघायला लागलो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मुलगा झाला, शहर बांधलं, मग सोडून का गेले?"

"कोई कहता है पानी कम पड़ा, कोई कहता है लड़ाई थी, लाहौर जाना पड़ा." ते पुढे चालायला लागले. "जो भी हो मैडम, फिर यहाँ कोई रहने नहीं आया."

तिसऱ्या दिवशी ताजमहाल होता. शुक्रवारी तो बंद असतो हे लक्षात ठेवा. आमचा शुक्रवार नव्हता, तरी आम्ही गेलो नाही. हॉटेलात पडून राहिलो, दोघंही झोपेचं सोंग घेऊन. संध्याकाळी पेठा घेतला. केशरी घ्या, साधा फार गोड असतो.

घरी

परत येऊन महिना झाला. हेमंत सगळ्यांना फोटो दाखवतो, महालांचं वर्णन इतकं सुरेख करतो की सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी तिकिटं काढलीसुद्धा. जायलाच हवं, मीही सांगते. असा दगड, अशी कारागिरी आपल्याकडे पुन्हा व्हायची नाही. गाइड घ्या, पाणी सोबत ठेवा, सिक्रीला सकाळीच पोचा.

घरात आता भांडण नाही. तो माझ्या तब्येतीची चौकशी करतो, मी त्याच्या डब्याची. तो विषय त्याने खरंच पुन्हा काढला नाही. मी आंघोळीला गेले की तो हळू आवाजात फोनवर कुणाशी बोलतो, आणि नळ बंद झाला की बोलणं थांबतं. म्हणून मी नळ चालू ठेवते.

गेल्या रविवारी माझ्या नणंदेच्या मुलाचं बारसं होतं. हेमंत म्हणाला, "तू नको येऊस, उगाच त्रास होईल तुला. मी तोंड दाखवून येतो." पूर्वी अशा ठिकाणी आम्ही दोघं मिळून जायचो, कोपऱ्यातल्या खुर्च्या पकडायचो आणि जेवण झालं की एकमेकांना खुणावून निघायचो.

तो संध्याकाळ उलटून गेल्यावर आला.

"नाव काय ठेवलं?" मी विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला, आणि शर्ट काढून खुर्चीवर टाकून आत गेला.

धुवायला टाकावा म्हणून मी शर्ट उचलला. खांद्यापाशी दुधाचा वाळलेला डाग होता, आणि सगळ्या शर्टाला बाळाच्या पावडरीचा वास येत होता. किती वेळ घेऊन बसला असेल! आतून नळाचा आवाज यायला लागला. आतलं काही मला ऐकू येऊ नये म्हणून त्यानेही तो मोठा सोडला होता.