आईचं पाणी

आईचा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर कळला, तोवर तो बराच पसरला होता. अंगावरून जातं, हे तिने वर्षभर लपवलं. कापसाची ती वर्षं वाईट होती, घरात दुसरं बोलणंच नव्हतं. त्यात आपलं दुखणं कुठे सांगायचं, हे तिचं तिनेच ठरवलेलं. ऐकलं आणि मला रडू यायच्या आधी संताप आला.

माझं सासर पुसदचं. मी तिथून आले आणि तिला केळापूरहून उचलून थेट नागपूरला नेलं. दवाखान्याजवळ खोली घेतली. किरणांचा शेक घ्यायच्या आधी पाणी पिऊन लघवी रोखायची, म्हणजे आतडी बाजूला सरकतात. मशीन आधी आतला फोटो काढे. मूत्राशय रिकामं दिसलं की आईला टेबलावरून उतरवून पुन्हा बाहेर बसवत.

वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी ही बाई!

"मले तहान नाही, तं पिऊ कायले?"

एकदा बाटली हातात देऊन मी औषधं आणायला गेले. परत येऊन बघते, तर ती पाणी कुंडीत ओतत होती. प्यायली तरी नंबर लागायच्या ऐन वेळी संडासात जाऊन यायची. बाहेर बाकावर आमची रोज भांडणं.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ आकसलीय. आता परत स्कॅन, नवी आखणी."

माझा तोलच गेला. "सगळं पुन्हा पहिल्यापासून?"

त्यांनी संगणकावर दोन फोटो शेजारी लावले. शेकासाठी आखलेल्या जुन्या रेषेच्या आत गाठ लहानशी उरली होती आणि मोकळ्या जागेत आतडं घुसलं होतं. "जुन्याच रेषेवर चाललो, तर शेक आतड्याला बसेल."

आई पुढे झुकली. "म्हंजे कमी झाली का खरंच?"

"निम्म्याहून जास्त, मावशी."

"मंग मले कोणी सांगतलं काहून नाही? टेबलावरून उतरवून देत, तं मले वाटे, आता हे काही बरं होत नाही."

दुसऱ्या दिवशी बाटली तिने स्वतः मागून घेतली. शेवटी आतून द्यायचा शेकही फोटो काढून, मोजून-मापून झाला. आई बरी झाली. तपासणीला मात्र आजही भांडूनच न्यावं लागतं.

"वेचणी होऊ दे, मंग पाहू," म्हणते.

मी तिची पिशवी उचलते आणि गाडीत जाऊन तिची वाट बघत बसते.