नळाची बारीक धार

मुलगी वाढली आखाती वाळवंटातल्या रुवैसमध्ये आणि शिकायला गेली कॅनडात. पहिल्याच हिवाळ्यात तिचा फोन आला, "आई, पाइप फ्रीज झालाय. पाणीच येत नाहीये!" घरमालकिणीने तिला बजावलं होतं, कडाक्याच्या थंडीत रात्रभर नळाची बारीक धार चालू ठेव, म्हणजे पाइपात बर्फ होत नाही. हिने मात्र झोपताना नळ घट्ट बंद केला. करणारच! इथे रुवैसला समुद्राचं खारं पाणी गोड करून नळाला येतं. एक थेंब गळला तरी मी घर डोक्यावर घेते.

हेअर ड्रायरने पाइप शेकून शेकून शेवटी पाणी आलं. फोनवर मला धारेचा आवाज ऐकू आला.

"आता बंद करू नकोस, वाहू दे," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघालं असेल.

तेवढ्यात शिफ्टवरून आलेला नवरा आमच्या बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून तोंडाला साबण चोळत बसला. मी ओरडले, "अहो, तो नळ बंद करा आधी!"

फोनमधला धारेचा आवाज थांबला.

"केला, आई," मुलगी म्हणाली.