गॅसवाल्याचं बसथांब्याचं गाणं

आमच्या देशातल्या गाण्यांत उन्हाळा कधी सुरू होत नाही. तो नेहमी संपतच असतो. बाहेर जुलैचा पहिला आठवडा, माणसं घामानं चिंब, डांबर चपलेला चिकटतंय, आणि रेडिओवर कुणीतरी गळा काढून सांगतंय की गेला, आपला उन्हाळा गेला. मुलगा सांगणार असतो, सांगत नाही. मुलगी विचारणार असते, विचारत नाही. आतषबाजी होते, लाट येते, सप्टेंबर लागतो. दोघांपैकी एकानं वेळेवर तोंड उघडलं असतं तर पुढची दोन कडवी वाचली असती. पण मग आम्ही शनिवारी दुपारी गायलो काय असतो?

आम्ही गातो ते मिनेको-सानच्या कॉफीच्या दुकानात, पोस्टाच्या शेजारी. पडद्यावर शब्द येतात, मागे तयार वाजंत्री वाजते, आपण माईक धरायचा. बोसोच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात तरुण माणसं फारशी उरलेली नाहीत. त्यामुळे त्सुनेहिको आणि मी, पन्नाशी ओलांडलेले दोघं, तिथले चिरंजीव समजले जातो. माझं तांदळाचं दुकान. त्सुनेहिको गॅसवाला.

गॅसवाला म्हणजे कसा, तर पाठीवर सिलिंडर घेऊन देवळामागच्या चढावरच्या घरांपर्यंत जाणारा. गाडी तिथं जात नाही. त्या चढावर सगळ्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. सिलिंडर बदलून झाला की हा लोणच्याच्या बरण्यांची झाकणं उघडून द्यायचा, दिवे बदलायचा, मांजराला औषध पाजायचा. एकदा वादळात सगळ्या गावानं खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आणि हे महाशय त्या पावसात वर निघालेले. मी ओरडलो, "अरे, उडून जाशील." तो म्हणाला, "पाठीवर पन्नास किलो आहेत. तू तुझं बघ." आणि गात वर गेला.

गायचा तेच, बसथांब्याचं गाणं. आम्ही शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा ते आलं. उन्हाळ्याचा शेवट, समुद्राकाठचा बसथांबा, कुणीतरी गावी परत निघालंय. ज्या सुंदर मुलीनं ते म्हटलं होतं तिचा आवाज बर्फाच्या पाण्यासारखा होता. त्सुनेहिकोचा आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. सुरांचे चढउतार त्याला मान्य नव्हते. सुरुवातीला एक सूर पकडायचा आणि इमानदार नोकरासारखा शेवटपर्यंत त्यालाच धरून राहायचा. चढावरच्या म्हाताऱ्या तो सूर ऐकून शेगडीवरचं भांडं उतरवून ठेवत, गॅस आला म्हणून.

मिनेको-सानच्या दुकानात दोन नियम कुठंही लिहिलेले नाहीत, म्हणून ते फार कडक आहेत. पहिला असा की प्रत्येकाचं एक ठेवणीतलं गाणं असतं, आणि ज्याचं त्यानंच गायचं. उएमात्सु गुरुजींचं दीपगृहाचं गाणं मी गायलो तर ते त्यांचा टूथब्रश वापरल्यासारखं होईल. दुसरा नियम ऋतूचा. एक सप्टेंबरला बाई दारावरची काचेची घंटा काढतात आणि त्या दिवसापासून उन्हाळ्याची गाणी बंद. त्यानंतर कुणी लाटांबद्दल गायलं तर बाई काही बोलत नाहीत, फक्त कॉफी कोमट येते.

गेल्या हिवाळ्यात त्सुनेहिकोच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. वसंतात तो बरा होऊन आला, गळ्याला रुमाल, अंगानं निम्मा. बोलण्यासाठी त्याला दाढीच्या यंत्राएवढं एक यंत्र मिळालं. ते गळ्याला टेकवलं आणि ओठ हलवले की सपाट, घूं घूं आवाजात शब्द येतात. चढावरच्या ओयामा आजी पहिल्यांदा ते ऐकून दार लावून बसल्या. हा बाहेर उभा राहून घूं घूं करत सांगतोय, "आजी, मीच. झाकण उघडायचंय का?" सिलिंडर आता त्याचा जावई उचलतो, पण हा बरोबर जातो.

शनिवारीही येऊ लागला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा, यंत्र खिशात, हातात खुळखुळा. सगळ्यांच्या गाण्यांना खुळखुळा वाजवायचा. मान हलवायचा. आम्हाला भरून यायचं आणि आम्ही फार समजूतदारपणे वागायचो. त्याच्यासमोर बसथांब्याचं नावही काढायचं नाही, हे कुणी न सांगता सगळ्यांना कळलं होतं. जून गेला, जुलै गेला. आम्ही स्वतःवर खूश होतो.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याची बायको हिसायो-सान माझ्या दुकानात आली.

"तांदूळवाले, तुमचं आमच्या ह्यांच्याशी काही बिनसलंय का?"

"आमचं? त्याच्याशी? कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं. दर शनिवारी घरी येतात आणि भिंतीकडे बघत बसतात. काय झालं विचारलं की म्हणतात, आजही कुणी लावलं नाही."

"काय लावलं नाही?"

"बसचं. त्यांना दुसरं काही येतं का?"

"हिसायो-सान, आम्ही मुद्दाम लावत नाही. जखमेवर मीठ कशाला चोळायचं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तांदळात खडा सापडल्यावर पाहतात.

"अहो, ते ऐकायलाच तर येतात तिथं. स्वतःला गाता येत नाही तर निदान कुणीतरी गावं. ते म्हणतात, मंडळींनी माझं गाणं पुरलंसुद्धा, मी अजून घरी जेवतोय."

"मग त्यानं सांगायचं ना आम्हाला."

"सांगितलं असतं तर तुम्हाला भीड पडली असती म्हणे. आणि ते यंत्र दुकानात काढलं तर लोकांची कॉफी नासेल म्हणे. हा शनिवार शेवटचा. मग बाई घंटा काढणार, आणि पुढच्या उन्हाळ्याचं डॉक्टर काही छातीठोक सांगत नाहीत."

"तुम्हीच या की गायला."

"पस्तीस वर्षं मी त्या गाण्यापासून पळतेय. पाच किलो द्या. जुना तांदूळ नको."

मी गुरुजींना आणि मिनेको-सानला गाठलं. तिघांची सभा झाली. हा शनिवार जाऊ द्यायचा नाही यावर एकमत झालं. फक्त गायचं कुणी, हे ठरलं नाही. दुसऱ्याचं नाव सुचवणं म्हणजे आगाऊपणा, स्वतःचं सुचवणं म्हणजे उद्धटपणा. वेळ आली की आपोआप होईल असं म्हणून आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि पांगलो. आमच्याकडे बहुतेक गोष्टी अशाच आपोआप व्हायच्या राहून जातात.

शनिवारी दुकान भरलेलं. सातूचा गार चहा, उकडलेल्या शेंगा, पंख्याखाली जागेसाठी सभ्य भांडण. त्सुनेहिको कोपऱ्यात. हिसायो-सानही आली होती, दाराजवळ, पळायला सोपं जावं म्हणून.

मिनेको-साननं ते गाणं लावलं. पहिले सूर आले तसा त्सुनेहिकोच्या हातातला खुळखुळा थांबला. माईक माझ्यासमोर होता. मी तो उचलला आणि दोन्ही हातांनी गुरुजींपुढे धरला.

"गुरुजी, आपण."

"छे छे. तुम्ही त्याचे वर्गमित्र. तुमचा मान."

"माझा गळा आज जरा..."

"माझा तर जन्मापासून. मिनेको-सान, तुम्ही घ्या बरं."

"मी? दुकान माझं आहे, मी कशी गाऊ? पाहुण्यांनी गावं."

पडद्यावर पहिल्या कडव्याचे शब्द रंग बदलत पुढे चालले होते. माईक टेबलाभोवती फिरत होता. प्रत्येक जण तो घेताना वाकायचा, देताना वाकायचा. पोस्टमास्तरांनी तो रुमालानं पुसून पुढे दिला. कडवं संपत आलं तरी कुणाच्या तोंडून एक अक्षर नाही. मधल्या वाजंत्रीपर्यंत माईक सगळी फेरी मारून कोपऱ्यात पोचला, आणि पोस्टमास्तरांच्या पत्नीनं सवयीनं तो वाकून त्सुनेहिकोपुढे धरला. मग कुणापुढे धरला हे लक्षात येऊन त्या बिचाऱ्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

त्सुनेहिकोनं माईक घेतला. आम्हा सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, वादळात माझ्याकडे पाहिलं होतं तशी. मग खिशातून यंत्र काढलं, रुमाल सारला, गळ्याला टेकवलं आणि दुसरं कडवं सुरू केलं.

एकच सूर. सपाट, घूं घूं करणारा, वर नाही, खाली नाही. मी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे. दोघांच्याही मनात तेच होतं आणि बोलायची हिंमत नव्हती. दारातून हिसायो-सानच बोलली.

"अगदी पहिल्यासारखंच गाताय की हो."

दुकान हसलं. तोही हसला, पण यंत्र हललं नाही. आणि हसू ओसरल्यावर आम्ही ऐकू लागलो. पूर्वी त्याच्या आवाजाच्या धडाक्यात शब्द चिरडून जायचे, आणि आम्हीही तेवढ्यात आपापलं पुढचं गाणं शोधत असायचो. यंत्रामुळे त्याला प्रत्येक अक्षर ओठांनी नीट घडवून सोडावं लागत होतं. बाकावर दोघं बसलेत. तो मनातलं सगळं बसच्या वेळापत्रकाला सांगतोय, तिला नाही. बस येते. ती खिडकीतून विचारते, काही म्हणालास का? तो म्हणतो, नाही, ऊन उतरलं एवढंच. पुढच्या वर्षी ती बस बंद होते, बाक तिथंच असतो.

इतकी वर्षं आम्ही ते ऐकत होतो आणि त्या दुपारी ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. गुरुजी चष्मा पुसत होते. मिनेको-सान काउंटरमागे खाली वाकून काहीतरी शोधत होत्या, फार वेळ. त्सुनेहिको मात्र शांत होता. श्वास घ्यायला थांबायचा, वाजंत्री पुढे निघून जायची, तो तिच्यामागे धावायचा नाही. आपल्या चालीनं चालायचा, चढावर जायचा तसा. वाजंत्री संपली तेव्हा त्याची दीड ओळ उरली होती. ती त्यानं नुसत्या पंख्याच्या आवाजात पुरी केली.

टाळ्या वाजल्या. मी उठलो, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून घसा साफ केला. त्यानं हात वर करून मला बसवलं आणि यंत्र पुन्हा गळ्याला टेकवलं.

"पहिलं कडवं तुम्ही लोकांनी नमस्कारांत घालवलंत," तो म्हणाला. "मिनेको-सान, सुरुवातीपासून लावा. आणि ह्या वेळी माईक कुणी हातात घेऊ नका, सगळ्यांनीच गायचं."