मोठ्या मावशींची चुकांची वही

इस्पितळाच्या लाँड्रीत मोठ्या मावशींना सगळे वचकून असायचे. सव्वीस वर्षं नोकरी, सकाळच्या पाळीच्या प्रमुख, आणि नाक असं की दुरून वास घेऊन सांगतील, ही चादर दुसऱ्यांदा धुवायला टाका. ढकलगाडीवाले, धुणाऱ्या बायका, वॉर्डातून गठ्ठे आणणारे, कुणाची टाप नव्हती त्यांच्यापुढे उलटून बोलायची. अशा बाईला घाम कशाने फुटावा? तर एका रजिस्टराने.

झालं असं, की वर नवे साहेब आले. येताक्षणी त्यांनी फर्मान काढलं की पाळी संपताना रजिस्टरात जे लिहायचं ते इंग्रजीतच लिहायचं, कारण तपासणीला बाहेरची माणसं येतात. आता सव्वीस वर्षं मावशी आपल्या भाषेत लिहीत होत्या आणि इस्पितळ काही बंद पडलं नव्हतं. पण साहेबांना कोण सांगणार? मावशींचं इंग्रजी म्हणजे शाळेत शिकलेलं, त्यालाही आता चाळीस वर्षं झाली होती. तरी त्यांनी नेट धरला. पहिल्या आठवड्यात एका मशीनमधून पाणी गळत होतं, तेव्हा त्यांनी विचार करकरून लिहिलं, 'शी इज लीकिंग वॉटर.'

दुपारच्या पाळीची प्रमुख होती एक तिशीतली मुलगी. इंग्रजी शाळेत शिकलेली, तोंडाची सैल, मनाची वाईट नाही. तिचं नाव सगळ्यांनी फाडफाड ठेवलं होतं, कारण फोनवर ती डॉक्टरांशीसुद्धा इंग्रजीतून फाडफाड बोलायची. तिने रजिस्टर उघडलं आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. "अगंबाई! मावशी, ही कोण हो? पाणी सुटलंय तर इथे कशाला ठेवलीत, बाळंतपणाच्या वॉर्डात पाठवा की!" सगळी लाँड्री हसली. ढकलगाडीवाला तर गठ्ठ्यावर बसून हसला. मावशीही हसल्या, तोंडदेखलं. घरी जाऊन मात्र त्यांना घास गिळवेना. ज्या माणसांना आपण उठता बसता दटावतो त्यांच्यासमोर एका पोरीने आपलं हसं केलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्या दिवसापासून मावशींनी एक सोपी युक्ती काढली. वर कालची ओळ असायचीच, 'ऑल मशिन्स आर वर्किंग प्रॉपर्ली.' ती जशीच्या तशी खाली उतरवायची आणि सही ठोकायची. ना चूक, ना हसू. पाच महिने सगळ्या मशिनी रजिस्टरात अगदी ठणठणीत होत्या.

आणि मग तो दिवस आला. चादरींना इस्त्री करायचा जो मोठा तापलेला रोलर असतो, त्याच्या तोंडाशी एक लाल पट्टी असते. चादरीबरोबर हात ओढला जायला लागला, तर पट्टीला धक्का लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. त्या दिवशी दुपारी मावशींनी सवयीप्रमाणे पट्टी दाबून पाहिली, तर रोलर थांबेना. दुसऱ्यांदा दाबल्यावर थांबला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. दुरुस्तीवाला जेवायला गेलेला. मावशी रजिस्टर घेऊन बसल्या. पट्टी अडकते, एकदा दाबून थांबत नाही, दोनदा दाबावी लागते, हे इंग्रजीत कसं मांडायचं? शब्द सुचला तर पुढचा सुचेना. डोळ्यासमोर फाडफाड उभी, हातात रजिस्टर, आणि भोवती सगळे दात काढतायत. घड्याळात तीन वाजले. मावशींनी कालची ओळ उतरवली.

बरं, एवढ्यावर झालं असतं तरी एक वेळ म्हणता आलं असतं, की बिचारीला लिहिता आलं नाही. पण दारात फाडफाड समोरून आली. नेहमीसारखी, घाईत, केस बांधत. तिने विचारलं, "मावशी, काही विशेष?"

आपल्या भाषेत विचारलं हो. पट्टी अडकतेय, जपून, एवढं सांगायला काय लागत होतं? मावशी म्हणाल्या, "रजिस्टर वाच की. तुला तर फाडफाड येतं." आणि पर्स खांद्याला अडकवून निघून गेल्या. बस येईपर्यंत त्यांना बरंसुद्धा वाटत होतं. बरी जिरवली, असं.

पाच वाजता फाडफाडचा उजवा हात रोलरमध्ये गेला. चार बोटं भाजली, त्यातली दोन पुढे वाकेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाल्याने पट्टी दाबली तर रोलर मुकाट थांबला. कधी अडकायची, कधी नाही, मेली. रजिस्टरात तर लिहिलेलंच होतं की सगळं व्यवस्थित आहे. मग चूक कुणाची? अर्थात जिचा हात भाजला तिची. फाडफाड बँडेज बांधलेल्या हाताने कळवळून सांगत होती की मी मावशींना दारात विचारलं होतं. साहेबांनी मावशींना बोलावून घेतलं. मावशी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आठवत नाही साहेब. गडबड असते त्या वेळी."

सव्वीस वर्षांत खोटं असं त्या एवढंच बोलल्या. चौकशी संपेपर्यंत फाडफाडला घरी बसवलं. हलगर्जीपणा ठरला तर नोकरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाजलेल्या बोटांच्या मुलीला दुसरीकडे कोण ठेवणार?

त्या रविवारी मावशी सुनेला म्हणाल्या, "मला इंग्रजी व्याकरण शिकव." सून एका कुरिअरच्या ऑफिसात तक्रारींची पत्रं लिहायची. ती स्वतः मोठेपणी, नोकरी लागल्यावर इंग्रजी शिकलेली, त्यामुळे कुठे ठेच लागते ते तिला नेमकं माहीत होतं. तिला आनंद झाला. "शिकवते आई, पण माझे नियम पाळायचे. तुम्ही लाँड्रीत पाळायला लावता तसे."

तिचे नियम खरंच शहाणपणाचे होते. रोज वीसच मिनिटं, पण रोज. सकाळी चहाच्या कपाबरोबर, ओट्याशेजारच्या टेबलावर. आज दोन तास आणि मग आठवडाभर सुट्टी, असले लाड चालणार नाहीत. नियमांचं पुस्तक पाठ करायचं नाही. आदल्या दिवशी जे खरंच घडलं त्याचीच पाच वाक्यं लिहायची, स्वतःच्या डोक्याने. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, कारण डोळ्याला न दिसलेली चूक पुष्कळदा कानाला कळते. आणि एक वेगळी वही करायची, चुकांची. डाव्या पानावर आपलं चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर बरोबर. दुसऱ्या दिवशी उजवं पान हाताने झाकायचं आणि डावीकडचं स्वतःच दुरुस्त करायचं. तीन दिवस लागोपाठ बरोबर आलं, की त्यावर काट मारायची.

"आणि आई," सून म्हणाली, "उतरवून काढायचं नाही हं. कुठूनही बघून ओळ उतरवली की डोकं झोपतं."

मावशींनी मान खाली घातली. सुनेला वाटलं, नियम जड वाटला.

मावशींनी अभ्यास असा केला की लेकाने तोंडात बोट घातलं. पहिल्या महिन्यात डावं पान भरून वाहायचं. दुसऱ्या महिन्यात काट मारलेली वाक्यं वाढली. भूतकाळ हाताशी आला, मग अनेकवचन, मग त्या नेहमी निसटणाऱ्या बारीकसारीक शब्दांची जागा. रजिस्टरात आता मावशी स्वतःची वाक्यं लिहायच्या. साहेबांनी ती पाहिली आणि सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "बघा, शिका यांच्याकडून! अपघातानंतर या वयात इंग्रजी शिकायला लागल्या, पुन्हा असं व्हायला नको म्हणून." टाळ्या पडल्या. ढकलगाडीवाल्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या. मावशींना वाटलं, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं. शिव्या खाल्ल्या असत्या तर सोसल्या असत्या, कौतुक सोसवेना. दुपारी तीनला दारातून बाहेर पडताना त्या आता मान वर करत नसत. दुपारच्या पाळीला आलेली बदली बाई 'काही विशेष?' म्हणाली की मावशी तिला प्रत्येक बटणाची कुंडली सांगत बसायच्या. ती बिचारी कंटाळून जायची.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सून वही तपासता तपासता थांबली. "आई, रोजच्या पाचांत एक वाक्य तेच असतं तुमचं. लाल पट्टी अडकते, दोनदा दाबावी लागते. कधीच बरोबर झालंय ते, दहा वेळा काट मारलीय मी. आता पुरे की." सुनेने मागची पानं उलटली. पहिल्या रविवारचं पान काढलं. तिथेही तेच वाक्य होतं, मोडकंतोडकं. तिचा आवाज खाली गेला. "आई, ही पट्टी अडकली कधी होती?"

"तिचा हात जायच्या आधी," मावशी म्हणाल्या. "मला ठाऊक होतं. लिहिता आलं नाही गं." आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. चहा निवून गेला. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "हे सांगायला हवं आई. अजून वेळ गेलेली नाही. आपण नीट लिहून देऊ."

दोघींनी मिळून एक पान लिहिलं, इंग्रजीत. पट्टी अडकत होती, मला इंग्रजीत मांडता आलं नाही, हसतील म्हणून भीती वाटली, म्हणून मी कालची ओळ उतरवली. एक चूक नव्हती त्यात. फक्त दारातलं नव्हतं. ते मावशींनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. जिने तीन महिने आपल्या चुका प्रेमाने दुरुस्त केल्या, तिच्या नजरेतून उतरायचं धैर्य कुठून आणायचं?

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. बाहेरून आलेल्या एक अधिकारी बाई, साहेब, आणि टेबलाच्या टोकाला फाडफाड, उजवा हात मांडीवर लपवून बसलेली. मावशींनी आपलं पान उभं राहून वाचलं. अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "इंग्रजी फार सुंदर लिहिलंत. आणि कबूल करायला धाडस लागतं." साहेब म्हणाले, "भाषेची अडचण होती, आम्ही समजू शकतो." सगळे कसे समजूतदार! मावशींच्या छातीवरचा धोंडा हलला. चला, सुटले, असं त्यांना खरंच वाटलं. क्षणभर.

अधिकारी बाई कागद पुढे ओढून म्हणाल्या, "म्हणजे मशीन बिघडलेलं होतं, हे धरलं. पण पाळी घेताना तोंडी चौकशी करणं हे येणाऱ्या प्रमुखाचं काम असतं. ते केलं नाही, तो दोष राहतोच, आणि त्यावर कामावर परत घेता येणार नाही. तुम्ही विचारलं होतं म्हणता," त्या फाडफाडकडे वळल्या, "पण त्याला काही आधार नाही. तुमचं काय म्हणणं?"

जिच्या तोंडाला खीळ म्हणून नव्हती, ती मुलगी टेबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे मॅडम. वगळा ते. मलाही आता नक्की सांगता येत नाही."

बाईंनी पेन उचललं.

"वगळू नका," मावशी म्हणाल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "मी वाचलं ते अर्धंच आहे. इंग्रजी येत नव्हतं हे खरं, पण हिने मला इंग्रजीत नव्हतं विचारलं. दारात विचारलं, मावशी, काही विशेष? मी म्हणाले, रजिस्टर वाच, तुला तर फाडफाड येतं. मला सांगता येत होतं साहेब. मी सांगितलं नाही. ती हसली होती मला, त्याचा राग होता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

मघाचा समजूतदारपणा खोलीतून निघून गेला. अधिकारी बाई मावशींकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात आता कौतुक नव्हतं. मावशींना वाटलं, हीच नजर आपल्या वाट्याची होती, तीन महिने उशिरा मिळाली.

फाडफाडने हळूहळू मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असेल असं मावशींना वाटलं होतं. ती भाबडेपणाने, लहान मुलीसारखं विचारत होती.

"म्हणजे मी विचारलं होतं ना, मावशी? घरचेसुद्धा म्हणायला लागले होते, की तुझ्या मनाचे खेळ आहेत, मावशी कशाला खोटं बोलतील. मला वाटायला लागलं, मीच खोटी आहे."

"विचारलं होतंस," मावशी म्हणाल्या. "आणि मला आठवत होतं. रोज."