अणूच्या विजेचं वजन

माझ्या थोरल्या भावाइतका भित्रा माणूस हिंगोलीच्या मोंढ्यात झाला नाही आणि होणारही नाही. मी त्याची सख्खी बहीण आहे, तेव्हा हे बोलायचा हक्क माझा आहे. दादा मापाडी होता, मोंढ्याच्या बाजारात आलेला माल तोलायचा. हळदीचं भरलेलं पोतं एका हाताने सरकवायचा, पण घरात पाल पडली की आधी खाटेवर चढायचा आणि मग वहिनीला हाक मारायचा. एसटीत तो कायम दाराजवळ बसायचा, गाडी उलटलीच तर आपण सगळ्यांच्या आधी बाहेर पडावं म्हणून. घरात लाईट आली तेव्हा बटण दाबायला त्याने बाभळीची वाळलेली काठी ठेवली. दिवा लागला की लांबूनच हात जोडायचा. तो नमस्कार होता की माफी, हे वहिनीलाही कधी कळलं नाही.

भीती वाटली की दादा तोलायचा. घरी एक लहान तराजू होता. काही ठरवायचं असलं की एका पारड्यात फायद्याची हळकुंडं टाकायची, दुसऱ्यात तोट्याचे खडे. मोंढ्यात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, म्हणून पहिलं हळकुंड 'लाभ' म्हणून फायद्याच्या पारड्यात पडायचं. विहिरीवर मोटार बसवायचं असंच ठरलं. एकदा म्हैस विकायचंही ठरत आलं होतं, तेव्हा वहिनीने पारड्यातली हळकुंडं उचलून चुलीत टाकली. "धार मी काढते. माझी म्हैस तोलायची न्हाई," म्हणाली. म्हैस राहिली. दसऱ्याला मोंढ्यातल्या मोठ्या काट्याची पूजा झाली की तो घरातल्या लेकरांना पारड्यात बसवून तोलायचा. एकाचं जरी वजन घटलं तरी घरात सुतक पडल्यासारखं व्हायचं. माल तोलताना काट्याला मात्र त्याने कधी स्वतःचं बोट लागू दिलं नाही. लांबलांबचे शेतकरी त्याच्याच मापासाठी थांबून राहायचे.

मग विजेचे हाल सुरू झाले. पाणी अर्ध्या सरीत पोचलं की मोटार बंद. सिद्धेश्वरच्या धरणात पाणी दिसायचं, विहिरीला पाणी होतं, आणि हळदीची पानं मात्र करपून चालली होती. दादाची थोरली शोभा मॅट्रिकचा अभ्यास कंदिलावर करायची, सकाळी तिच्या नाकातून काजळी निघायची. ज्या विजेला हात लावायला भ्यायचा, तिलाच दादा दिवसभर शिव्या द्यायचा. "असली तर भेव, नसली तर उपास," म्हणायचा.

अशात शोभाला स्थळ आलं. मुलगा आपल्यातला, शिकलेला, निर्व्यसनी. पण नोकरी समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात, फिटरची. आदल्या वर्षीच राजस्थानच्या वाळूत अणूचा स्फोट झाला होता आणि मोंढ्यात पेढे वाटले होते. दादाने पेढा खाल्ला नव्हता, कागदात गुंडाळून ठेवला होता. त्याला मुंग्या लागतात का, ते बघत होता.

मुलगा बघायला आला तर दादा तराजू घेऊनच बसलेला. वहिनीने कपाळाला हात लावला.

"मामा, कोळसा काही जन्मभर पुरणार न्हाई," मुलगा म्हणाला. "धरणाला पाऊस लागतो. एवढ्या मोठ्या देशाला वीज आणायची कुठून? ह्याचं मूठभर इंधन ढीगभर कोळशाचं काम करतं."

"लाभ," म्हणत दादाने हळकुंड टाकलं.

"धूर बी न्हाई."

आणखी एक पडलं. मग दादाने खडा उचलला. "आन् बाहेर निघालं तर?"

"भिंती लई जाड हायत, मामा."

"बांधल्या माणसानंच ना?" खडा पडला. "जळल्यावर राख कुठं टाकता?"

"पाण्यात ठेवतात, लई वर्षं. पुढं काय करायचं ते साहेब लोक ठरवून राहिलेत."

"चूल पेटवून मग राखेचं ठरवून राहिले व्हय?" दुसरा खडा पडला. "त्याला वास येतो?"

"न्हाई."

"आंगावर आलं तर दिसतं? भार लागतो?"

"काहीच कळत न्हाई."

दादाचा हात तसाच वर राहिला. "मंग मी खडा केवढा टाकू?"

एरवी मी हसले असते. हसू आलं नाही. साप दिसतो, त्याला काठी मारता येते. पटकी आली की उलटी दिसते. जे दिसत नाही आणि ज्याला भार नाही, ते पोरीच्या अंगात शिरलं तर आपण भांडायचं कोणाशी? मी चौथीपर्यंतच शिकलेली, त्या पुस्तकांत ह्याचं उत्तर नव्हतं.

"छातीला बिल्ला लावतात," मुलगा हळूच म्हणाला. "कुणी किती घेतलं त्याचं माप त्याच्यावर येतं."

माप म्हटल्यावर दादा ताठ बसला. "मापाडी कोण? मालकाचा का बाहेरचा?"

"सरकारचा."

"आन् मालक?"

"सरकारच."

दादाने उरलेले सगळे खडे एकदम ओतले. पारडं जमिनीला टेकलं.

मुलगा उठून गेला नाही. "मला बी भेव वाटतं, मामा," म्हणाला. "पयल्या दिवशी घरी येऊन मी आंगाची सालं निघंस्तोवर आंघोळ केली. पण कुणीतरी करायला पाहिजेच ना?"

चहा घेऊन आलेल्या शोभाने कपबशा खाली ठेवल्या, खड्यांचं पारडं उचललं आणि खिडकीबाहेर रिकामं केलं. आईवर गेलेली पोरगी. "बाबा, खरं बोलणारा माणूस घरात बसलाय अन् तुमी दगडं काहून मोजून राहिले? मी जाते."

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला शोभा आली तर दादाने तिला घरचं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, एसटीवरून थेट मोंढ्यात नेऊन काट्यात बसवलं. वजन वाढलं होतं. "मानवली गं बाई, मानवली!" म्हणत ह्या माणसाने मोंढाभर पेढे वाटले. पुढच्या वर्षीही बराबर भरली.

तिसऱ्या वर्षी ती मांडीवर लेकरू घेऊन आली. गळ्याची हाडं वर आलेली. "बाळंतपण झालं, आत्या, आन् तिथला दमटपणा. दुसरं काही न्हाई," म्हणाली. मी मान हलवली. दादाने काट्याच्या एका बाजूला गेल्या वर्षीचीच वजनं मांडली. शोभा दुसऱ्या पारड्यात बसली आणि तिचं पारडं वर गेलं. वहिनीने पदर तोंडात धरला.

तेव्हा दादाने शोभाच्या पारड्याच्या कडेवर अंगठा ठेवला. हलकेच दाबला. काटा सरळ झाला.

"लाभ," तो म्हणाला.

"बराबर हाय ना?" वहिनीने विचारलं.

"बराबर हाय."

मी बघत होते आणि मी बघितलं हे त्याने बघितलं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. शोभा पुढे अंगाने भरली, अजून धडधाकट आहे. तेव्हा कशाने वाळली होती, बाळंतपणाने की आणखी कशाने, ते मला आजही ठाऊक नाही. दादा आता नाही.

त्या दिवशी घरी येताना तो अंगठा धोतराला पुसत चालला होता. दिवस कलला होता. गेलेली लाईट आली आणि रस्त्यावरचे दिवे एकदम लागले. दादाने मान वर केली, पण नेहमीसारखे हात काही जोडले नाहीत.