सुभेदार कोळेकर आणि पहिली खुर्ची

चपला काढल्या की दोन्ही टाचा एका रेषेत ठेवणं. एसटीत जागा असली तरी आधी दोन थांबे उभं राहणं. घरच्या दोन शेळ्यांना नायक आणि लान्सनायक अशी हाक मारणं. आपला विनोद पुरा व्हायच्या आत आपणच हसणं. आणि माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष, कॅप्टनसाहेब, यांचा फोन आला की खुर्चीतून उठून ताठ उभं राहून बोलणं.

सुभेदार धुळा कोळेकरांच्या या सवयी मी तीन वर्षं बघते आहे. मूळचे आटपाडीकडचे. घराणं मेंढपाळाचं. निवृत्तीनंतर त्यांनी मलकापुरात घर बांधलं. ते संघटनेचे सचिव. मी शेजारची, मराठीत एम. ए. झालेली. संघटनेची पत्रं मी लिहून देते. त्यांना आप्पा म्हणते.

वर्षातून दोनदा आप्पा परेड घेतात. बावीस निवृत्त जवान. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचं पोट सुटलेलं. पण आप्पांचा हुकूम सुटला की सगळे ताठ. त्या दहा मिनिटांसाठी आप्पा सहा महिने जगतात.

यंदा जानेवारीत त्यांनी मोबाईलवर एका जर्मन अधिकाऱ्याबद्दल काही पाहिलं. युद्धात एक हात, एक डोळा गेलेला. तरी आपल्याच हुकूमशहाला बॉम्बनं मारायच्या कटात पुढे होता. कट फसला. त्याला गोळ्या घातल्या.

"बॉम्बचं कळलं," आप्पा म्हणाले. "मानूस कसा हुता, ते बघ की."

मी इंग्रजी लेख शोधले. "मोठ्यानं हसायचा म्हणे. कविता पाठ होत्या."

"भ्यायचा का?"

"ते कुणी लिहिलं नाही."

"तेच लिवाय पायजे हुतं. आन् बायकूला सांगितलं हुतं का?"

"थोडंफार. सगळं नाही."

आतून बनुकाकू ओरडल्या, "ह्यांनी तरी मला कवा काय सांगितलंय? बदली झाल्याली मला पोस्टमन सांगायचा!"

चोवीस तारखेला कॅप्टनसाहेबांचा फोन आला. आप्पा उभे राहिले. संघटनेच्या कार्यक्रमात पहिली खुर्ची वीरपत्नीची असते. आमच्याकडे ती सुलाबाईंची. पाहुणे दुसऱ्या खुर्चीवर. यंदाचे पाहुणे मोठे होते.

"सुलाबाईंना मागच्या रांगेत बसवा," साहेब म्हणाले.

"जी साहेब."

फोन ठेवल्यावर मी चिडले. "आप्पा, तुम्ही हो म्हणालात?"

"अठ्ठावीस वर्सं व्हयच म्हनलोय, पोरी. दुसरं तोंडात बसत न्हाई."

ते हसले नाहीत. चहा निम्मा तसाच राहिला.

सव्वीसला सकाळी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. सुलाबाई सगळ्यात मागे, खांबाआड. पाहुणे पहिल्या खुर्चीपाशी आले. आप्पांचा आवाज घुमला, "परेड, सावधान!" बावीस जणांच्या टाचा जुळल्या. पाहुणे बसता बसता थांबले.

आता "विश्राम" यायला हवं होतं. आलं नाही. आप्पा रांगेपुढून निघाले. थेट मांडवात मागे गेले. सुलाबाईंना कडक सलाम ठोकला.

"आवं सुभेदार, ऱ्हाऊ द्या की मला हितंच. सावली हाय."

"वैनी, उठा. बावीस म्हातारं ताटकळल्यात."

सुलाबाई निघाल्या. सावकाश, काठी टेकत. मैदानात कुणी हललं नाही. कॅप्टनसाहेबांचा चेहरा लाल झाला होता, पण तेही सावधानच होते. हुकूम मोडायचा कसा, ते त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

रांगेतले हवालदार रहिमान मान न वळवता म्हणाले, "वैनी, जरा बिगीबिगी! गुडघा चाललाय माझा!"

रांग हसली. हलली मात्र नाही.

सुलाबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला. तेव्हा कुठे आप्पा जागेवर आले. "परेड, विश्राम!" पाहुणे मुकाट्यानं दुसऱ्या खुर्चीवर बसले.

मी जवळच होते. कार्यक्रम संपेपर्यंत आप्पांनी साहेबांकडं बघितलं नाही.

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. रविवारपर्यंत लेखी माफीनामा द्या. नाहीतर पंधरा ऑगस्टची परेड दुसरा कुणी घेईल.

शनिवारी आप्पांनी माझ्याकडून कोरा कागद मागून नेला. "ह्ये पत्र मीच लिवतो."

तासाभरानं मी डोकावले. ते ओट्यावर बनुकाकूंना सगळा प्रसंग अभिनयासकट सांगत होते. सुलाबाईंची चालसुद्धा करून दाखवत होते. काकू डोळे पुसत हसत होत्या.

कागद टेबलावर होता. तारीख. मा. अध्यक्षसाहेब. विषय : परेडच्या वेळी झालेल्या चुकीबद्दल. त्यातल्या "चुकीबद्दल"वर काट मारलेली. खाली एक ओळ : "मी, सुभेदार धुळा कोळेकर, आपणांस कळवतो की सुलाबाईंची खुर्ची"

"आप्पा, उद्या रविवार," मी म्हणाले.

"व्हय की," ते म्हणाले आणि पुन्हा सुलाबाईंसारखे चालू लागले.

आज मंगळवार. ओळ अजून तिथंच आहे.